मान कापरी, कणा ताठ

गेल्या श्रावणातली गोष्ट आहे. दुपारी पावसाने जराशी उसंत घेतली होती, आणि शाळेच्या वार्षिक अंकाच्या संपादक मंडळातली तीन मुले निथळत्या छत्र्या घेऊन आमच्या दाराशी येऊन उभी राहिली. त्यांना आत घेतले, कोरडा टॉवेल दिला, चहा दिला. चहाचे कप आमच्या नातीने आणून ठेवले. आम्ही कपबशी हाती घेण्याचे अलीकडे टाळतो, त्याचे कारण पुढे येईलच. मुलांपैकी मोठा मुलगा पुढे सरकून बसला व म्हणाला, "बाई, यंदाच्या अंकात 'आमचे स्फूर्तिस्थान' असा एक विभाग योजला आहे. निवृत्त शिक्षकांनी त्यात लिहावे असे ठरले आहे. तुमचा लेख हवाच."

"कोणावर लिहायचे, बाळ?"

"संत, देशभक्त, शास्त्रज्ञ, कोणीही चालेल, बाई."

"आणि नटी चालेल?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिले. मोठ्या मुलाने आवंढा गिळला आणि म्हणाला, "सरांना विचारून सांगतो." दुसऱ्या दिवशी नातीबरोबर निरोप आला : "चालेल, पण लेखात काही बोध असावा." बोध आहे की नाही हे वाचकांनीच ठरवावे. आम्ही आपले मनातले तेवढे लिहितो.

आमच्या लहानपणी बेळगावात मध्यमवर्गीय घरात नटीचे नाव मोठ्यांदेखत उच्चारण्याची सोय नव्हती. नाटकाला घरची सगळी मंडळी मिळून जात, कीर्तनाला तर जातच. सिनेमा मात्र 'पाहून आलो' असे सांगण्यापेक्षा 'मैत्रिणीकडे अभ्यासाला गेलो होतो' असे सांगणे सोयीचे असे. तेव्हा ज्या नटीविषयी लिहावयाचे, तिची आमची पहिली ओळख चित्रपटगृहात झाली नाही यात नवल नाही. ती झाली शाळेच्या ग्रंथालयातल्या एका पुस्तकामुळे. लुइसा मे अल्कॉट या अमेरिकन लेखिकेच्या 'लिटल विमेन' या कादंबरीचे शांता शेळके यांनी केलेले 'चौघीजणी' हे रूपांतर तेव्हा मुलींच्या हातोहाती फिरत असे. त्यातली ज्यो आम्हांला आमच्यासारखी वाटे. म्हणजे आम्ही जशा नव्हतो, पण असावेसे वाटत होते, तशी. झाडावर चढणारी, माळ्यावर बसून लिहिणारी, केस कापून टाकणारी आणि नंतर गुपचूप रडणारी. पुढे पुष्कळ वर्षांनी कळले की या ज्योची भूमिका १९३३ साली कॅथरीन हेपबर्न नावाच्या एका नटीने पडद्यावर केली होती, आणि ती पाहून लोकांना वाटले होते की ही अभिनय करीत नसून आपलेच बालपण जगते आहे. त्या दिवसापासून हे नाव आमच्या मनात ज्योच्या शेजारी जाऊन बसले.

या लेखात आम्ही कॅथरीनला 'ती' म्हणणार आहोत. त्यात अनादर मुळीच नाही. आईला आणि देवाला आपण एकेरीतच हाक मारतो. जवळच्या माणसाला 'अहो' म्हटले की ते दूर जाते.

कॅथरीनचा जन्म १२ मे १९०७ चा, अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातील हार्टफर्ड या गावचा. वडील टॉमस हेपबर्न हे शल्यवैद्य. आईचे नावही कॅथरीनच. ती स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून झगडणाऱ्या कनेटिकटमधील संघटनेची अध्यक्ष होती. अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवर स्त्रियांना मताचा हक्क मिळाला तो १९२० साली. त्याच्या आधीची कित्येक वर्षे ही माउली सभा, मिरवणुका आणि पत्रके यांत गुंतलेली असे, आणि तिची चिमुरडी मुलगी 'स्त्रियांना मत द्या' असे छापलेले फुगे वाटत फिरे. पुढे या माउलीने संततिनियमनाच्या प्रचारालाही वाहून घेतले, तेव्हा गावातल्या काही प्रतिष्ठित घरांची दारे तिला बंद झाली. लोक नावे ठेवतात म्हणून जे पटले ते सोडावयाचे नाही, हा धडा कॅथरीनला कोणत्याही शाळेने दिला नाही. तो रोजच्या जेवणाच्या टेबलावर मिळत होता. पोहणे, टेनिस, गोल्फ, झाडावर चढणे यांत ती मुलांच्या बरोबरीने असे. एका उन्हाळ्यात तर तिने केस बारीक कापून घेतले आणि आपले नाव 'जिमी' असे जाहीर केले!

या आनंदी घरावर १९२१ च्या ईस्टरच्या सुट्टीत वीज कोसळली. कॅथरीन आणि तिचा थोरला भाऊ टॉम न्यूयॉर्कला आईच्या एका मैत्रिणीकडे राहावयास गेले होते. एका सकाळी टॉम खाली आला नाही, म्हणून त्याला उठविण्यास ती वर गेली. टॉम या जगात नव्हता. तो पंधरा वर्षांचा, ती तेरा वर्षांची. त्याने आपण होऊन जीवन संपविले असेच सर्व चिन्हांवरून दिसत होते. घरच्यांनी तो अपघात मानला, आणि त्याविषयी पुढे घरात फारसे बोलणे झाले नाही. मुलगी अबोल झाली, शाळेतून काढून तिला घरीच शिकवावे लागले. आणि तिने एक विलक्षण गोष्ट केली : टॉमचा वाढदिवस, ८ नोव्हेंबर, हा तिने आपला म्हणून लावून घेतला. पुढे सत्तर वर्षे जग तिचा जन्मदिवस ८ नोव्हेंबर समजत राहिले. १९९१ साली 'मी' या एकाक्षरी नावाचे आत्मचरित्र तिने प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे खरी तारीख लोकांना कळली. गेलेल्या भावाला वर्षातून एक दिवस तरी वय वाढण्याची संधी मिळावी असे त्या पोरीला वाटले असेल का? आम्हांला तरी तसे वाटते.

मुलांनो, येथे आम्हांला एक सांगू द्या. घरात दुःख झाले आणि त्याविषयी कोणी बोलतच नसेल, तर तुम्ही बोला. आईशी बोला, मित्राशी बोला, बाईंशी बोला. ती बिचारी कोणाशी बोलली नाही. म्हणून भावाचा वाढदिवस तिला एकटीला सत्तर वर्षे वाहावा लागला.

ब्रिन मॉर या स्त्रियांच्या महाविद्यालयातून ती १९२८ साली पदवीधर झाली. तिथे अभ्यासात गुण चांगले असतील तरच नाटकात काम करू देत. नाटकाच्या ओढीने ही मुलगी अभ्यासाला लागली, ही गोष्ट आम्ही विद्यार्थ्यांसाठी मुद्दाम लिहितो. 'नाटकामुळे अभ्यास बुडतो' असे म्हणणाऱ्या पालकांना ती वाचून दाखवावी.

पदवी मिळताच तिने रंगभूमीची वाट धरली. वडिलांना तो व्यवसाय पसंत नव्हता. सुरुवात कशी झाली म्हणाल, तर फजितीने. त्याच वर्षी 'द बिग पाँड' या नाटकात मुख्य भूमिका अवचित तिच्या पदरी पडली. पहिल्याच प्रयोगाला ती उशिरा पोहोचली, वाक्ये अडखळली, आणि घाबरल्यामुळे इतक्या भरधाव बोलू लागली की प्रेक्षकांना काही कळेना. तिला तत्काळ काढून टाकण्यात आले. तिचा आवाज उंच, काहीसा अनुनासिक, धारदार. तो कानाला टोचतो असे अनेकांना वाटे. ती एका शिक्षिकेकडे आवाज कमवावयास जाऊ लागली, पुन्हा नाटके मिळविली, पुन्हा काढली गेली, पुन्हा मिळविली. अखेर १९३२ साली 'द वॉरियर्स हजबंड' या नाटकात एका वीर स्त्रीच्या वेषात, खांद्यावर मृग टाकून, जिन्याच्या पायऱ्यांवरून झेपा टाकीत ती रंगमंचावर आली, आणि न्यूयॉर्कचे डोळे तिच्याकडे वळले. त्या झेपांत लहानपणची 'जिमी'च होती!

हॉलिवुडमधून बोलावणे आले. तिने आठवड्याला १५०० डॉलर मागितले. एका नवख्या मुलीची ही मागणी ऐकून ते मोडून पडतील असे तिला वाटले असावे, पण आर. के. ओ. कंपनीने ते दिले. जॉर्ज क्युकर या दिग्दर्शकाने तिला 'अ बिल ऑफ डिव्होर्समेंट' या पहिल्या चित्रपटात काम दिले, आणि पुढच्याच वर्षी, १९३३ च्या 'मॉर्निंग ग्लोरी'साठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. वय अवघे सव्वीस. वाचकांना वाटेल, झाले, गंगेत घोडे न्हाले. पण खरी कथा येथूनच पुढे आहे.

त्याच वर्षाच्या अखेरीस 'द लेक' या नाटकात ती न्यूयॉर्कला उभी राहिली आणि सपशेल पडली. डोरोथी पार्कर या विनोदी लेखिकेच्या नावावर त्या वेळचा एक शेरा सांगितला जातो; आपल्या बाराखडीत सांगावयाचा तर, ही बाई भावनांचा सगळा पल्ला दाखविते, 'अ' पासून थेट 'आ' पर्यंत! निर्मात्याला ते नाटक गावोगाव न्यावयाचे होते. तिने पदरचे पैसे मोजून त्यातून आपली सुटका करून घेतली. पडद्यावरही एकामागून एक चित्रपट आपटू लागले. तिचे वागणे फटकळ. वार्ताहरांना ती भेटत नसे, सह्या देत नसे, आणि जेव्हा बायकांनी विजार घालणे अमेरिकेतही चारचौघांत शोभत नसे तेव्हा ही सर्रास विजार घालून फिरे. लोकांना तिचा तोरा वाटे. थोडाफार तो असेलही. आमचे स्फूर्तिस्थान निर्दोष होते असा दावा आम्ही करीत नाही.

१९३८ साल तर तिला साडेसातीचेच गेले. मे महिन्यात चित्रपटगृहांच्या मालकांच्या एका संघटनेने जाहिरात देऊन काही नटनट्यांना 'तिकीटबारीचे विष' ठरविले; त्या यादीत ग्रेटा गार्बो, जोन क्रॉफर्ड, फ्रेड अॅस्टेअर यांच्या पंक्तीला कॅथरीन होती. 'ब्रिंगिंग अप बेबी' हा तिचा विनोदी चित्रपट त्याच वर्षी पडला. आज तोच चित्रपट विनोदाचा नमुना म्हणून अभ्यासला जातो, हा काळाचा न्याय! तिने पैसे भरून कंपनीशी असलेला करार मोडला आणि फेनविक येथे, समुद्रकाठच्या आपल्या घरी परतली. २१ सप्टेंबरला तिथे भयंकर चक्रीवादळ आले. घरची माणसे कशीबशी जीव वाचवून बाहेर पडली, आणि डोळ्यांदेखत ते लाकडी घर पाण्याने उचलून नेले. नाव गेले, काम गेले, घरही गेले. पुढच्या वर्षी त्याच जागेवर तिने नवे घर बांधले. ते पहिल्याहून भक्कम होते.

आणि नावाचे काय? तेही तिने स्वतःच बांधले. फिलिप बॅरी या नाटककाराने तिला डोळ्यांपुढे ठेवून 'द फिलाडेल्फिया स्टोरी' हे नाटक लिहिले : एक श्रीमंत, गर्विष्ठ मुलगी, जिला शेवटी माणसासारखे माणसांत उतरावे लागते. लोक आपल्याला जे म्हणतात, तीच भूमिका तिने पत्करली. पगार न घेता नफ्यात भाग घेतला. १९३९ पासून न्यूयॉर्कला त्याचे चारशेहून अधिक प्रयोग झाले. चित्रपटाचे हक्क तिच्या स्नेह्याने, उद्योगपती हॉवर्ड ह्यूज याने, आधीच विकत घेऊन तिच्या हाती दिले होते. आता हॉलिवुडला नाटक हवे असेल, तर ते तिच्यासह घेणे भाग होते. दिग्दर्शक कोण, सहकारी नट कोण हेही तिच्या संमतीने ठरले. १९४० साली चित्रपट आला, गाजला, आणि 'विष' म्हणून हिणवलेल्या तिकीटबारीवर रांगा लागल्या. दैवाने हात दिला असे म्हणण्याचा प्रघात आहे. येथे तिने दैवाचा हात धरून त्याला उठविले.

आता थोडे आमच्याविषयी लिहितो. त्याशिवाय हा लेख कशासाठी ते उमगणार नाही.

सेवानिवृत्तीला चार वर्षे उरली असताना आमचा उजवा हात कापू लागला. फळ्यावरचा 'श्री' वेडावाकडा येऊ लागला. मग मान हलू लागली. नाही, नाही म्हटल्यासारखी, हळूहळू, अखंड. डॉक्टर म्हणाले, या कंपाने जिवाला धोका नाही, पण तो जाणारही नाही. पुष्कळदा घराण्यातून येतो. आणि चार माणसे आपल्याकडे पाहत आहेत असे वाटले की अधिकच वाढतो. म्हणजे शिक्षकाला होऊ नये असाच हा विकार. एके दिवशी वर्गात पाठ फिरवून लिहीत असता मागे खसखस पिकली. वळून पाहिले तो एक मुलगा आमच्या मानेची हुबेहूब नक्कल करीत होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. सारा वर्ग श्वास रोखून बसला. आम्ही त्याला काही बोललो नाही.

सर्वांना ती क्षमाशीलता वाटली. ती क्षमा नव्हती. आमच्या आजीची मान अशीच हलत असे, आणि सात-आठ वर्षांच्या वयात आम्ही तिच्या पाठीमागे उभे राहून भावंडांना तिची नक्कल करून दाखवीत असू. एकदा तिने आरशात ते पाहिले. तीही काही बोलली नाही. फक्त त्या दिवसापासून सणासमारंभाला पुढे येऊन बसेनाशी झाली. स्वयंपाकघराच्या दाराआड बसू लागली. त्या वर्गात आम्हांला त्या मुलाच्या जागी आम्हीच दिसलो. त्याला कोणत्या तोंडाने रागावणार?

आणि गंमत पाहा, आम्हीही आजीसारखेच दाराआड बसू लागलो. स्नेहसंमेलनाची नाटके आम्ही बसवीत असू, ते सोडले. मोठ्याने कविता वाचणे हा आमचा जीव की प्राण, ते सोडले. निवृत्तीनंतर लग्नामुंजीतही मागच्या रांगेत. गेल्या वर्षी आताच्या मुख्याध्यापिका, ज्या एके काळी आमच्याच विद्यार्थिनी होत्या, त्या घरी आल्या. "बाई, बक्षीस समारंभाला या, आणि मुलांना एक कविता वाचून दाखवा. तुमचे वाचन आम्हांला अजून आठवते." आम्ही प्रकृतीचे निमित्त सांगितले. आमची मान तेव्हा 'नाही, नाही' करीतच होती. तिचा या कामी तेवढा उपयोग झाला.

अशा दिवसांत एका रविवारी नातीने आपल्या संगणकावर एक जुना इंग्रजी चित्रपट लावला. "आजी, तुझी ती ज्योवाली नटी आहे यात." चित्रपट होता 'ऑन गोल्डन पाँड', १९८१ चा. एका तळ्याकाठी उन्हाळा घालविणारे वृद्ध जोडपे. नवरा हेन्री फोंडा, बायको कॅथरीन. पाच-दहा मिनिटे गेली असतील. नववीत शिकणारी नात एकदम ओरडली, "आजी, हिची मान बघ! तुझ्यासारखीच हलते!"

आम्ही पाहिले. खरेच हलत होती. नाही, नाही, नाही, हळूहळू, अखंड. चेहरा भला मोठा होऊन पडद्यावर आलेला, त्यावर झगझगीत प्रकाश, आणि मान लपविण्याचा कोठे प्रयत्न नाही. ती हसत होती, नवऱ्याला चिडवीत होती, लाकडे गोळा करताना नाचत होती, आणि मान आपली हलत होती, जशी कुणाची नथ हलावी.

त्यानंतर आम्ही मिळेल ते वाचले, मिळेल ते पाहिले. तिचाही कंप घराण्यातलाच होता; आजोबांकडून आला असे ती सांगे. तो पुढे आवाजातही उतरला. जो आवाज कमविण्यासाठी तिने तरुणपणी एवढे कष्ट केले, तोच कापू लागला. ती त्या कापऱ्या आवाजानेच बोलत राहिली. 'ऑन गोल्डन पाँड'च्या चित्रीकरणाच्या वेळी ती त्र्याहत्तर वर्षांची होती आणि नुकतीच खांद्याला दुखापत झालेली. नवऱ्याला वाचविण्यासाठी बायको तळ्याच्या पाण्यात उडी घेते असा त्यात प्रसंग आहे. ती उडी तिने स्वतः मारली. चित्रीकरणाच्या आरंभी तिने हेन्री फोंडाला एक जुनी टोपी दिली. ती टोपी स्पेन्सर ट्रेसीची होती.

या स्पेन्सरविषयी लिहावयास हवे. १९४२ च्या 'वुमन ऑफ द इयर' पासून दोघांनी नऊ चित्रपटांत एकत्र काम केले. दोघांचे एकमेकांवर प्रेम होते. स्पेन्सर विवाहित होता व त्याने पत्नीशी घटस्फोट घेतला नाही. कॅथरीनचे लग्न १९२८ साली होऊन १९३४ मध्ये मोडले होते. जगाच्या रीतीत न बसणारे हे नाते होते आणि त्याचा निवाडा करण्यास आम्ही बसलेलो नाही. एवढे खरे, की १९६२ चा 'लाँग डेज जर्नी इन्टू नाइट' हा चित्रपट झाल्यावर तिने पाच वर्षे काम जवळजवळ सोडून दिले आणि आजारी स्पेन्सरची शुश्रूषा केली. १९६७ साली स्टॅन्ली क्रेमरने 'गेस हूज कमिंग टू डिनर' काढावयाचे ठरविले, तेव्हा स्पेन्सरच्या हृदयाची अवस्था पाहून विमा कंपनी त्याची हमी घेईना. क्रेमर आणि कॅथरीन यांनी आपले मानधन तारण ठेवले आणि त्याला काम करू दिले. गौरवर्णीय मुलगी आणि कृष्णवर्णीय तरुण लग्न करू इच्छितात, मुलीचे उदारमतवादी आईबाप आता काय करणार, असा तो विषय. अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत असे लग्न तेव्हा कायद्याने गुन्हा होते. चित्रीकरण संपून सतरा दिवस झाले, आणि १० जून १९६७ ला स्पेन्सर वारला. त्यानंतर दोनच दिवसांनी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते कायदे रद्द ठरविले. स्पेन्सरच्या पत्नीचा व मुलांचा मान राखण्यासाठी कॅथरीन अंत्यविधीला गेली नाही. त्या चित्रपटाने तिला दुसरे ऑस्कर दिले. पण तो पुरा झालेला चित्रपट तिने कधीच पाहिला नाही. तिला ते सोसवले नसते.

दुःख गिळून ती बसून राहिली असती, तर कोणी दोष दिला नसता. ती पुढच्याच वर्षी 'द लायन इन विंटर' मध्ये बाराव्या शतकातली राणी एलिनॉर होऊन उभी राहिली आणि तिसरे ऑस्कर मिळविले. त्या वेळी बार्ब्रा स्ट्राइसँडला आणि तिला ते विभागून देण्यात आले. चौथे मिळाले 'ऑन गोल्डन पाँड' साठी, चौऱ्याहत्तराव्या वर्षी. पहिल्यात आणि चौथ्यात अट्ठेचाळीस वर्षांचे अंतर. अभिनयासाठी चार ऑस्कर मिळविणारे दुसरे कोणी आजवर झालेले नाही. यांपैकी एकही पारितोषिक घ्यावयास ती गेली नाही. त्या समारंभाला ती एकदाच, १९७४ साली, गेली. तीही दुसऱ्याला पारितोषिक देण्यासाठी, आणि अर्थातच विजार घालून!

तिच्या हट्टाची आणखी एक गोष्ट सांगून पुढे जातो. १९५१ चा 'द आफ्रिकन क्वीन' काढण्यासाठी ही मंडळी आफ्रिकेच्या जंगलात गेली होती. सहनट हम्फ्रे बोगार्ट आणि दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन मद्याचे भोक्ते. त्यांना लाज वाटावी म्हणून हिने केवळ पाणी पिण्याचे व्रत धरले. ते पाणीच दूषित निघाले. ती आमांशाने बेजार झाली आणि ते दोघे ठणठणीत राहिले! बाजूला बादली ठेवून तिने प्रसंग पुरे केले. सद्गुणाला नेहमीच तत्काळ फळ मिळते असे नाही, हा बोध सरांना चालेल की नाही कोण जाणे.

१९९४ पर्यंत ती पडद्यावर दिसली. नंतर फेनविकच्या त्याच घरी, वादळानंतर बांधलेल्या, २९ जून २००३ ला ती गेली. वय शहाण्णव.

आता कोणी म्हणेल, बाई, तुमची नि तिची बरोबरी कशी? बरोबरी नाहीच. तिच्या पाठीशी सधन घर होते, शिकलेले आईबाप होते, हॉवर्ड ह्यूजसारखे स्नेही होते. आमच्या आजीपाशी यांतले काही नव्हते; तिला दाराआडून बाहेर या म्हणणारे कोणी नव्हते, आणि हसणारे मात्र होते. हे आम्ही विसरत नाही. पण आमच्यापाशी नात आहे. तिने 'तुझ्यासारखीच हलते' असे म्हटले, त्यात हसू नव्हते. ओळख पटल्याचा आनंद होता. आमच्या आजीला आम्ही असे काही म्हटले असते, तर ती पुढे येऊन बसली असती काय? हा प्रश्न आता आम्हांला जन्मभर पुरणार आहे.

त्या रात्री आम्ही फार वेळ जागे होतो. सकाळी नातीजवळ मुख्याध्यापिकांसाठी चिठ्ठी दिली. अक्षर नेहमीप्रमाणे वेडेवाकडे आले. पुन्हा लिहून काढली नाही, तशीच दिली. "यंदाच्या बक्षीस समारंभात कविता वाचावयास येईन. हाती कागद धरला तर तो फडफडेल, म्हणून पाठ करून येते. मान हलेल, मुलांना आधी सांगून ठेवू नये."

शेवटचे वाक्य आम्ही मुद्दाम लिहिले. सांगून ठेवलेली सहानुभूती आम्हांला नको. कोणी हसले तर हसू द्यावे. सात वर्षांच्या आम्हांलाही कोणी सांगून ठेवले नव्हते. आमचे आम्हांला कळले, उशिरा का होईना.

हा अंक छापखान्यात जाईल तेव्हा समारंभाला अजून पंधरा दिवस असतील. रोज पहाटे परसात आम्ही कवितेची उजळणी करतो. आवाज मध्येच थरथरतो. नात खिडकीतून ऐकत असते आणि चुकले की ओळ सांगते. काल ती म्हणाली, "आजी, पुढच्या रांगेत बसू ना मी?"

आम्ही 'हो' म्हटले. मान मात्र, सवयीप्रमाणे, 'नाही' म्हणत होती. तिकडे लक्ष देऊ नये.